क्रॉस-कंपाइल करणाऱ्या बिल्ड मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करताना

वेब सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना काही चुकले, तर तो सर्व्हर बहुधा लगेच बंद पडतो आणि चूक समोर येते. बिल्ड मशीनचे, म्हणजे येथे दुसऱ्या प्रकारच्या उपकरणासाठी सॉफ्टवेअर कंपाइल (क्रॉस-कंपाइल) करणाऱ्या संगणकाचे, तसे नसते. अपग्रेडनंतरही ते सुरळीत चालू राहू शकते, प्रत्येक बिल्ड यशस्वी झाल्याचे दाखवू शकते आणि तरीही पूर्वीपेक्षा किंचित वेगळ्या बायनरी (कंपाइल होऊन निघालेल्या, चालवण्याजोग्या फाइली) तयार करू लागू शकते. हा फरक मग थेट उपकरणावर सॉफ्टवेअर बसवल्यानंतर, तोही एखाद्या जुन्या मॉडेलवरच, उघड होतो. म्हणून या कामाची कसोटी ‘नवे मशीन चालू झाले का’ ही नसून ‘नव्या मशीनमधून तेच सॉफ्टवेअर बाहेर पडते का’ ही आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीभोवती मांडल्या आहेत.

हे काम पुढे ढकलत राहणेही परवडत नाही. सेंटओएस ७ची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली आणि उबुंटू २०.०४ची सर्वसाधारण देखभाल मे २०२५ मध्ये संपली. उपकरणांमध्ये जाणारा प्रत्येक बाइट ज्या मशीनवर तयार होतो, त्याच मशीनला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नसणे ही गंभीर बाब आहे. या लेखात ‘होस्ट’ म्हणजे बिल्ड मशीन आणि ‘टार्गेट’ म्हणजे ज्यासाठी आपण कंपाइल करतो ते उपकरण, असे धरले आहे. उदाहरणे लिनक्सची, मुख्यतः डेबियन आणि उबुंटूची आहेत.

आधी ओळखा: ऑपरेटिंग सिस्टीम बायनरीत कुठून शिरते

क्रॉस-कंपाइल करण्याच्या तीन पद्धती सर्रास आढळतात आणि अपग्रेडचा धोका प्रत्येकीत वेगळ्या ठिकाणी असतो.

पहिल्या पद्धतीत डिस्ट्रिब्यूशननेच पुरवलेला क्रॉस-कंपायलर वापरला जातो. डेबियन किंवा उबुंटूवर ‘क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४’ यासारखे पॅकेज बसवले की काम भागते. ही सोय अपग्रेडच्या वेळी सर्वांत महागात पडते, कारण होस्टची आवृत्ती बदलताच कंपायलर आणि टार्गेटसाठीची सी लायब्ररी या दोन्ही गोष्टी न विचारता बदलतात. उबुंटू २०.०४मध्ये जीसीसी (कंपायलर) ९ आणि जीलिबसी (सी लायब्ररी) २.३१ होते, २२.०४मध्ये ते ११ आणि २.३५ झाले, तर २४.०४मध्ये १३ आणि २.३९. यातील २.३४ हा टप्पा ओलांडणे विशेष अडचणीचे आहे. २०२१ साली आलेल्या या आवृत्तीत थ्रेडची आणि डायनॅमिक लोडिंगची वेगळी असलेली लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन झाली, आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनलाही नवे आवृत्ती-चिन्ह मिळाले. परिणामी, त्या किंवा त्यानंतरच्या जीलिबसीशी डायनॅमिक लिंक केलेला अगदी दोन ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा टार्गेटवर किमान २.३४ची मागणी करतो. टार्गेटवर डेबियन ११ असेल, म्हणजे २.३१ असेल, तर तो सुरूच होत नाही.

दुसऱ्या पद्धतीत आर्म कंपनीने किंवा चिप-उत्पादकाने दिलेली, अथवा क्रॉसटूल-एनजी या साधनाने स्वतः बांधलेली टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच) तिच्या सिसरूटसह (टार्गेटच्या लायब्ररी व हेडर फाइलींच्या प्रतीसह) एका ठराविक फोल्डरमध्ये ठेवलेली असते. येथे कंपायलर आणि टार्गेटची लायब्ररी होस्टपासून अलग असतात, त्यामुळे धोका कमी असतो. मात्र तो संपत नाही. तो होस्टवर चालणाऱ्या साहाय्यक साधनांतून आणि चुकून गळून आलेल्या हेडर फाइलींतून आत शिरतो.

तिसरी पद्धत योक्टो किंवा बिल्डरूट या, उपकरणासाठी संपूर्ण लिनक्स प्रणाली बांधणाऱ्या साधनांची. ही साधने होस्टच्या कंपायलरने आधी आपली साधने आणि आपला क्रॉस-कंपायलर बांधतात व मग त्याने टार्गेटचे सगळे सॉफ्टवेअर बांधतात. अंतिम बायनरीवर होस्टची छाया फारशी पडत नाही, पण जुनी शाखा नव्या होस्टवर बांधायला गेल्यास पहिल्या टप्प्यातच अडकते.

आपले मशीन यांपैकी कोणत्या पद्धतीचे आहे, हे लिहून काढा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिश्र निघते: कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी) एक टूलचेन, ॲप्लिकेशनसाठी दुसरी आणि कुणीतरी कधीतरी बसवलेला डिस्ट्रिब्यूशनचा कंपायलर तिसऱ्याच कामासाठी.

पहिली पायरी: जुन्या मशीनची नोंद आणि आधाररेषा

जुने मशीन चालू आहे तोवरच त्याच्याकडून सगळी माहिती काढून घ्यावी. बसवलेल्या पॅकेजांची आवृत्त्यांसह यादी, पॅकेज-स्रोतांच्या फाइली, हाताने बसवलेली साधने, वातावरणातील चल, वेळापत्रकावरील कामे, वापरकर्त्यांचे क्रमांक आणि माउंट केलेले ड्राइव्ह या सर्वांची नोंद गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवावी. ‘यूएसआर-लोकल’ आणि ‘ऑप्ट’ हे दोन फोल्डर बारकाईने पाहावेत, कारण पॅकेज-व्यवस्थापकाला ठाऊक नसलेले सगळे तिथेच साठलेले असते. व्यावसायिक कंपायलर असेल तर त्याचा परवाना कशाशी बांधलेला आहे तेही पाहावे; काही जुने परवाना-व्यवस्थापक नेटवर्क कार्डाचा पत्ता फक्त जुन्या पद्धतीच्या इंटरफेस-नावाखालीच शोधतात आणि नव्या प्रणालीत ते नाव बदललेले असते.

यानंतर आधाररेषा तयार करावी. जुन्याच मशीनवर, एकाच कमिटवरून (गिटमधील कोडच्या एकाच नोंदीवरून), दोन वेगळ्या फोल्डरांत तोच बिल्ड दोनदा करावा आणि निघालेल्या फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) ताडून पाहावेत. ते जुळले नाहीत तर पुढे जाण्याची घाई करू नये; एकाच मशीनवरचे दोन बिल्ड जुळत नसतील, तर दोन मशीनवरच्या बिल्डांची तुलना करून काहीच सिद्ध होणार नाही. न जुळण्याची कारणे बहुतांशी ठरलेली असतात. बायनरीत कोरली जाणारी तारीख-वेळ ‘सोर्स-डेट-ईपॉक’ या चलाने गोठवता येते. बिल्ड-फोल्डरचा मार्ग जीसीसी ८पासून असलेल्या ‘फाइल-प्रिफिक्स-मॅप’ या पर्यायाने काढून टाकता येतो. लिनक्स कर्नल बांधणाऱ्याचे नाव, मशीनचे नाव आणि वेळ यांसाठी ‘केबिल्ड’ने सुरू होणारी वेगळी चल आहेत. फाइलींचा क्रम लोकॅलनुसार (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगनुसार) बदलू नये म्हणून बिल्डच्या आधी लोकॅल ठरवून द्यावे.

या कामाला वेळ लागतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो वाया गेल्यासारखा वाटतो. तरीही संपूर्ण अपग्रेडमधली हीच पायरी मी सर्वांत वर ठेवीन, कारण तिच्यावाचून पुढची तुलना केवळ अंदाज ठरते.

दुसरी पायरी: जुने वातावरण कंटेनरमध्ये गोठवणे

होस्टची ऑपरेटिंग सिस्टीम आणि बिल्डचे वातावरण या दोन गोष्टी आजवर एकच असतील, तर अपग्रेडच्या आधी त्या वेगळ्या कराव्यात. सध्या जे डिस्ट्रिब्यूशन आहे त्याचीच मूळ इमेज घेऊन, नोंदीतील पॅकेजे त्याच आवृत्त्यांसह बसवून एक कंटेनर इमेज (होस्टच्या कर्नलवर पण त्याच्या फाइलींपासून अलग चालणाऱ्या वातावरणाचा साचा) तयार करावी, जुन्याच मशीनवर तिच्यात बिल्ड करावा आणि आधाररेषेशी हॅश जुळतात का ते पाहावे. जुळले, तर अपग्रेडचा निम्मा धोका तिथेच संपतो, कारण आता होस्ट बदलला तरी बिल्डला दिसणारी जमीन तीच राहते.

इमेज तयार करताना एक अडचण हमखास येते. देखभाल संपलेल्या आवृत्त्यांची पॅकेजे कालांतराने मुख्य मिररवरून हलवली जातात: डेबियनची संग्रह-सर्व्हरवर, उबुंटूची ‘ओल्ड-रिलीजेस’वर आणि सेंटओएसची ‘व्हॉल्ट’वर. पॅकेज-स्रोतांचे पत्ते त्यानुसार बदलावे लागतात. डेबियनची एखाद्या विशिष्ट दिवसाची स्थिती हवी असेल, तर ‘स्नॅपशॉट’ ही सेवा ती देते. तयार झालेली इमेज टॅगने नव्हे, तर तिच्या डायजेस्टने (मजकुराच्या हॅशने) ओळखावी आणि स्वतःच्या रजिस्ट्रीत (इमेजच्या साठ्यात) ठेवावी. टॅग उद्या दुसऱ्याच इमेजकडे निर्देश करू शकतो.

कंटेनर सर्व काही गोठवतो, असे मात्र समजू नये. कर्नल होस्टचाच राहतो आणि तेथे चार ठिकाणी अडखळायला होते. सेंटओएस ६इतके जुने वातावरण असेल, तर त्यातील जीलिबसी कर्नलच्या ‘व्हीसिसकॉल’ या जुन्या सोयीवर अवलंबून असते; डेबियनच्या कर्नलमध्ये ती मुळातच बंद असल्याने कंटेनर सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट येऊन बंद पडतो. कर्नलला सुरू होतानाच ती सोय अनुकरणाने देण्याचा पर्याय दिल्यास हा प्रश्न सुटतो. दुसरे, डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४पासून सी-ग्रुप या संसाधने वाटून देणाऱ्या कर्नल-सोयीची दुसरी आवृत्ती मूलतः वापरली जाते. कंटेनरच्या आत जुने सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) चालवत असाल तर ते तिथे उभे राहत नाही, आणि डॉकर हे कंटेनर चालवणारे साधनही २०.१० किंवा त्यापुढचे लागते. तिसरी अडचण उलट दिशेची आहे: होस्टवरील डॉकर जुने आणि कंटेनरमधील जीलिबसी २.३४ किंवा नवे असेल, तर डॉकरची सुरक्षा-गाळणी नव्या सिस्टीम कॉलला चुकीचा नकार देते आणि कंटेनरमधील अगदी साध्या आज्ञाही ‘परवानगी नाही’ असे म्हणत थांबतात, डॉकर २०.१०.१०मध्ये ही गाळणी सुधारली गेली. म्हणून नव्या इमेज जुन्या होस्टवर आधी चालवून पाहायच्या असतील, तर डॉकर आधी अद्ययावत करावे.

चौथी अडचण उबुंटू २४.०४ची आणि खास योक्टो वापरणाऱ्यांची आहे. या आवृत्तीत ॲपआर्मर ही सुरक्षा-यंत्रणा सामान्य वापरकर्त्याला यूजर नेमस्पेस (वापरकर्त्यांच्या ओळखीचे अलग कप्पे) मुक्तपणे वापरू देत नाही आणि योक्टोच्या बिटबेक या बिल्ड-साधनाला त्याच लागतात; त्यामुळे बिल्ड सुरू होण्याआधीच त्रुटी येते. संपूर्ण प्रणालीवरील निर्बंध उठवणे हा झटपट उपाय आहे, परंतु बिटबेकपुरते ॲपआर्मरचे प्रोफाइल लिहिणे अधिक योग्य.

तिसरी पायरी: नवे मशीन शेजारी उभे करणे

जुन्याच मशीनवर जागच्या जागी अपग्रेड करता येते, पण बिल्ड मशीनसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. जागच्या जागी अपग्रेड झालेल्या प्रणालीत जुन्या आवृत्तीची राहिलेली पॅकेजे, जुन्या कॉन्फिगरेशन फाइली आणि नव्या मूळ मांडणीचे काही भाग यांची अशी सरमिसळ होते की, ती पुन्हा शून्यातून उभी करणे कोणालाच जमत नाही. आणि तसे उभे करता येणे हीच तर बिल्ड मशीनची पहिली अट आहे. नवे आभासी मशीन घ्यावे, त्यावर नवी आवृत्ती कोरी बसवावी आणि पुढची सगळी मांडणी ॲन्सिबलसारख्या साधनातून किंवा निदान एका स्क्रिप्टमधून करावी. दोन्ही मशीन काही काळ शेजारी-शेजारी चालल्यामुळे तुलना आणि माघार या दोन्हींची सोय होते.

हार्डवेअर किंवा परवान्यामुळे जागच्या जागीच अपग्रेड करणे भाग असेल, तर आधी डिस्कची पूर्ण प्रत घ्यावी आणि ती परत बसवून पाहावी. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही; ११वरून १३वर जायचे असेल तर १२वर थांबूनच जावे लागते. आधी सध्याच्या आवृत्तीची सर्व पॅकेजे अद्ययावत करावीत, बाहेरचे पॅकेज-स्रोत बंद करावेत, मग स्रोतांतील आवृत्तीचे नाव बदलून आधी नवी पॅकेजे न आणणारे किमान अपग्रेड आणि त्यानंतर पूर्ण अपग्रेड करावे. उबुंटूची दीर्घ-देखभाल आवृत्ती पुढच्या दीर्घ-देखभाल आवृत्तीकडे थेट नेता येते, मात्र तो मार्ग नव्या आवृत्तीचे पहिले दुरुस्ती-प्रकाशन आल्यावरच आपोआप खुला होतो. एसएसएचवरून दुरून काम करत असाल तर जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’मध्ये करावे, हे सांगायलाही नको.

नव्या मशीनची डिस्क-मांडणी करताना तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरकडे लक्ष द्यावे. डेबियन १३मध्ये ‘टेम्प’ हा फोल्डर मूलतः मेमरीत राहतो आणि तो निम्म्यापर्यंत मेमरी व्यापू शकतो. शिवाय कोऱ्या प्रणालीत त्यातील फाइली १० दिवसांनी आणि ‘व्हार’मधील तात्पुरत्या फाइली ३० दिवसांनी पुसल्या जातात. ज्या स्क्रिप्ट सिसरूट किंवा मोठ्या इमेज ‘टेम्प’मध्ये उलगडतात, त्या येथे मेमरी संपवून बिल्ड पाडतात. बिल्डसाठी स्वतंत्र फोल्डर नेमून तात्पुरत्या फाइलींचे चल तिकडे वळवणे हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे.

चौथी पायरी: नव्या होस्टवर काय मोडते

आता कंटेनरमधील जुना बिल्ड नव्या होस्टवर चालवावा. तो जुळला की मशीन बदलण्यापुरते काम झाले. परंतु गोठवलेले वातावरण कायम तसेच ठेवता येत नाही, कारण त्यातल्या साधनांनाही सुरक्षा-दुरुस्त्या लागतात; म्हणून त्यानंतर बिल्डचे वातावरण नव्या आवृत्तीवर नेण्याचे दुसरे आणि अधिक कष्टाचे काम सुरू होते. ही दोन कामे एकाच आठवड्यात, एकाच बदलात गुंफू नयेत.

पहिला धक्का होस्टच्या कंपायलरचा बसतो. क्रॉस-कंपायलर तोच असला, तरी लिनक्स कर्नल आणि यू-बूट हा बूटलोडर बांधताना काही छोटी साधने होस्टच्याच कंपायलरने बांधली जातात. जीसीसी १०ने जागतिक चलांच्या दुहेरी व्याख्या मूलतः नाकारायला सुरुवात केल्यावर, जुन्या कर्नलमधील आणि यू-बूटमधील डिव्हाइस ट्री कंपायलर (हार्डवेअरचे वर्णन कंपाइल करणारे साधन) लिंक होताना ‘वायवायएललॉक’ची अनेकदा व्याख्या झाल्याची त्रुटी देऊ लागला. हा संदेश वाचून टूलचेन बदलत बसणे व्यर्थ आहे. मूळ प्रकल्पाने केलेली एका ओळीची दुरुस्ती आपल्या शाखेवर घ्यावी. जीसीसी १४ने घोषणा नसलेले फंक्शन वापरणे आणि पूर्णांक व पॉइंटर यांची परस्पर सरमिसळ या पूर्वी फक्त इशारा देणाऱ्या गोष्टी थेट त्रुटी ठरवल्या आहेत. डेबियन १३चा मूळ कंपायलर हाच आहे. येथे एक सूक्ष्म सापळा आहे. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्ट एखादी सोय उपलब्ध आहे का हे पाहण्यासाठी छोटे चाचणी-प्रोग्रॅम कंपाइल करतात आणि ते अनेकदा अशाच ढिलाईने लिहिलेले असतात. नव्या कंपायलरने ते नाकारले की स्क्रिप्ट ‘सोय उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष काढते, बिल्ड यशस्वी होतो आणि ती सोय बायनरीतून गुपचूप गळते. म्हणून कॉन्फिगरच्या निकालाची फाइल जुन्या आणि नव्या वातावरणात शेजारी ठेवून ओळीओळीने ताडावी.

कॉन्फिगरचाच आणखी एक प्रकार क्रॉस-कंपाइल करणाऱ्यांनी जाणून घ्यावा. फक्त होस्ट-पर्याय दिला (येथे मात्र ‘होस्ट’ म्हणजे आपले टार्गेट आणि ‘बिल्ड’ म्हणजे आपले मशीन) आणि बिल्ड-पर्याय दिला नाही, तर कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारे ऑटोकॉन्फ, हे क्रॉस-कंपाइल आहे की नाही, हे बांधलेला प्रोग्रॅम चालतो का यावरून ठरवते. नव्या मशीनवर कोणी क्यूएमू (दुसऱ्या प्रोसेसरचे अनुकरण करणारे साधन) आणि त्याची कर्नलमधली नोंदणी बसवली असेल, तर आर्मचा प्रोग्रॅमही सहज चालतो आणि स्क्रिप्ट ‘हे क्रॉस-कंपाइल नाही’ असे समजून बसते. दोन्ही पर्याय नेहमी स्पष्टपणे द्यावेत. याउलट, चाचण्यांसाठी क्यूएमू हवेच असेल, तर नव्या मशीनवर ती नोंदणी झाली आहे का हेही पाहावे.

होस्टची सी लायब्ररी बदलल्याने जुन्या बिल्डरूट आणि योक्टो शाखांतील होस्ट-साधने अडतात. जीलिबसी २.२८नंतर एम४ हे साधन जुन्या आवृत्तीत बांधता येईना, २.३३मध्ये फाइलीची माहिती देणाऱ्या फंक्शनांची अंतर्गत रचना बदलल्याने फेकरूट आणि योक्टोचे स्यूडो ही रूट-अधिकाराचा आभास देणारी साधने मोडली, २.३४मध्ये सिग्नल-स्टॅकचा आकार हा स्थिरांक राहिला नाही आणि एम४ पुन्हा अडले. प्रत्येकासाठी पॅच उपलब्ध आहेत, पण प्रत्येक जुन्या शाखेवर ते लावत बसण्यापेक्षा ती शाखा तिच्या काळाच्या कंटेनरमध्येच ठेवणे शहाणपणाचे. योक्टोने यासाठी ‘बिल्डटूल्स-एक्स्टेंडेड’ हे कंपायलरसह येणारे होस्ट-साधनांचे तयार गाठोडे दिले आहे. योक्टोचा ‘युनिनेटिव्ह’ (होस्ट-साधनांसाठी सोबत येणारी तयार जीलिबसी) वापरत असाल, तर त्यातील जीलिबसी होस्टच्या जीलिबसीइतकी किंवा तिच्याहून नवी असावी लागते; नसेल तर बिटबेक तो बंद करतो आणि जुन्या मशीनवर साठवलेला होस्ट-साधनांचा साठा नव्या मशीनला उपयोगी पडत नाही.

पायथनची बाजू आता सरळ आहे, पण कटकटीची. डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४मध्ये पायथन २ उरलेले नाही. पायथन ३.१२मधून ‘डिस्टयूटिल्स’ आणि ‘इम्प’ हे मॉड्यूल गेले, त्यामुळे जुन्या यू-बूटमधील पायथन-बांधणी आणि जुन्या वाफ या बिल्ड-साधनावर चालणारे प्रकल्प थांबतात. शिवाय डेबियन १२पासून पिप हे पायथनची पॅकेजे बसवणारे साधन प्रणालीच्या पायथनमध्ये थेट काही बसवायला नकार देते. नकार डावलण्याचा पर्याय आहे आणि त्याच्या नावातच तो प्रणाली मोडू शकतो असे लिहिलेले आहे. त्याऐवजी प्रकल्पागणिक आभासी वातावरण करावे आणि आवृत्त्या गोठवाव्यात.

ओपनएसएसएल ३ ही सांकेतीकरणाची लायब्ररी उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२मध्ये आली. कर्नल-मॉड्यूलांवर आणि बूट-इमेजवर सही करणारी साधने याच लायब्ररीवर चालतात. जुन्या कोडमध्ये कालबाह्य फंक्शनांचे इशारे येतात, आणि ‘प्रत्येक इशारा म्हणजे त्रुटी’ अशी सेटिंग असेल तर बिल्ड पडतो. यापेक्षा अनपेक्षित गोष्ट म्हणजे, पूर्वी दुबळ्या सांकेतिक पद्धतीने बांधलेल्या पीकेसीएस-१२ किल्ल्या-फाइली उघडतच नाहीत. त्या लेगसी प्रोव्हायडर (जुन्या सांकेतिक पद्धती पुरवणारा भाग) चालू करून एकदा उघडाव्या लागतात आणि नव्या पद्धतीने पुन्हा बांधून ठेवाव्या लागतात. हे प्रकाशनाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

आयात केलेल्या जुन्या टूलचेन अनेकदा ३२-बिट असतात. नव्या मशीनवर फाइल डोळ्यांसमोर असताना ‘अशी फाइल नाही’ असा संदेश आला, तर गायब असलेली वस्तू कंपायलर नसून त्याचा ३२-बिट लोडर (प्रोग्रॅम मेमरीत आणून सुरू करणारा भाग) असतो. आय३८६ आर्किटेक्चर जोडून त्याची सी लायब्ररी बसवावी. काही तयार डीबगर जुन्या एनकर्सेस ५ लायब्ररीची मागणी करतात आणि उबुंटू २४.०४मध्ये ती नाही.

गिट आणि एसएसएच यांच्याकडेही पाहावे. ओपनएसएसएच ८.८पासून शा-१ आधारित जुन्या आरएसए सह्या मूलतः नाकारल्या जातात, त्यामुळे जुन्या गिट सर्व्हरशी संपर्क तुटतो. गिट २.३५.२पासून फोल्डरचा मालक वेगळा असेल तर गिट काम करायला नकार देते. कंटेनरमध्ये मालक वेगळा असणे नेहमीचेच आहे, आणि आवृत्ती-क्रमांक गिटमधून काढणारी स्क्रिप्ट त्रुटी गिळत असेल, तर फर्मवेअर रिकाम्या किंवा ‘अज्ञात’ आवृत्ती-क्रमांकाने बाहेर पडते. सुरक्षित फोल्डरांची यादी गिटला द्यावी आणि आवृत्ती-क्रमांक रिकामा निघाल्यास बिल्ड थांबेल अशी तपासणी घालावी.

शेवटी, बाहेर पडणाऱ्या फाइलींच्या बांधणीचा प्रश्न. उबुंटू २१.१०पासून तिचे डेब पॅकेज-साधन मूलतः झेडस्टँडर्ड पद्धतीने संकोचन करते. टार्गेटवर जुने डेबियन असेल तर ते पॅकेज तिथे उलगडत नाही. संकोचनाची पद्धत एक्सझेड अशी स्पष्ट द्यावी. तसेच ई२एफएस-प्रोग्स या साधनसंचाच्या १.४७ आवृत्तीत मूळ प्रकल्पाने ईएक्सटी४ फाइल सिस्टीमसाठी दोन नवी वैशिष्ट्ये मूलतः चालू केली. काही डिस्ट्रिब्यूशनांनी ती पुन्हा बंद ठेवली, म्हणजे दोन होस्टवर एकाच आज्ञेने दोन प्रकारच्या इमेज निघू शकतात. जुना बूटलोडर किंवा जुने दुरुस्ती-साधन अशी इमेज ओळखत नाही. फाइल सिस्टीम तयार करताना हवी ती वैशिष्ट्ये नावानिशी लिहावीत आणि मूलभूत सेटिंगवर विसंबू नये.

पाचवी पायरी: बाहेर पडलेल्या बायनरीची तपासणी

टूलचेन आणि सिसरूट तेच असतील, तर नव्या आणि जुन्या बिल्डचे हॅश तंतोतंत जुळायला हवेत. न जुळल्यास ‘डिफोस्कोप’ हे साधन दोन्ही फाइली थराथराने उलगडून नेमका फरक दाखवते. फरकाचे एक कारण सहसा सुचत नाही: ग्नू मेकच्या ३.८२ ते ४.२ या आवृत्त्यांत वाइल्डकार्डने गोळा केलेल्या फाइली क्रमवार नसत, ४.३पासून त्या पुन्हा क्रमवार झाल्या. उबुंटू २०.०४वर ४.२.१ होते आणि २२.०४वर ४.३ आहे; त्यामुळे लिंक होण्याचा क्रम, आणि त्याबरोबर बायनरीतील मांडणी, बदलते. मेकफाइलमध्ये यादी स्वतःहून क्रमवार लावली की हा फरक नाहीसा होतो.

टूलचेनही बदलली असेल तर हॅश जुळणे शक्य नाही. तेव्हा गुणधर्म ताडावेत. ‘रीडएल्फ’ने प्रत्येक बायनरीतील कंपायलरची नोंद, लागणाऱ्या लायब्ररींची यादी, लोडरचा मार्ग, आर्किटेक्चरचे गुणविशेष आणि जीलिबसीची मागितलेली कमाल आवृत्ती काढावी. शेवटची गोष्ट आपोआप तपासली जावी: टार्गेटवर २.३१ असेल, तर त्याहून मोठा आकडा दिसताच बिल्ड अयशस्वी ठरवणारी छोटी स्क्रिप्ट कायमची लावून ठेवावी.

३२-बिट आर्मसाठी आणखी एक तपासणी आवश्यक आहे. २०३८ सालच्या वेळमोजणीच्या अडचणीवर उपाय म्हणून डेबियन १३ आणि उबुंटू २४.०४ यांनी आर्म-एचएफवर (त्यांच्या ३२-बिट आर्म प्रकारावर) वेळेचा प्रकार ६४-बिट केला आणि त्यासाठी असंख्य लायब्ररी नव्याने बांधल्या. आपल्या प्रोग्रॅमचा एक भाग ३२-बिट वेळ मानून आणि दुसरा ६४-बिट मानून कंपाइल झाला, तर लिंकर काही बोलत नाही, परंतु स्ट्रक्चरची मांडणी दोन्हीकडे वेगळी होते. टार्गेटच्या लायब्ररी जुन्याच राहणार असतील, तर डिस्ट्रिब्यूशनच्या नव्या लायब्ररींशी लिंक न करता टार्गेटचाच सिसरूट वापरावा.

होस्टची हेडर फाइल चुकून आत आली आहे का, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे कंपायलरने लिहिलेल्या अवलंबन-फाइलींमध्ये होस्टच्या ‘यूएसआर-इन्क्लूड’चा मार्ग शोधणे. क्रॉस-कंपाइल केलेल्या फाइलींत तो एकदाही दिसता कामा नये. दिसलाच, तर बहुधा पॅकेज-कॉन्फिग (लायब्ररींचे मार्ग कंपायलरला सांगणारा प्रोग्रॅम) होस्टच्या फाइली वाचत असतो; त्याचा शोध-मार्ग आणि सिसरूट ही दोन्ही चल टार्गेटकडे वळवावीत. जुन्या होस्टवर अशी गळती वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहिलेली असू शकते, कारण दोन्हीकडची हेडर योगायोगाने सारखी होती.

यानंतर प्रत्यक्ष उपकरणांवर चाचणी घ्यावी आणि त्यात पाठिंबा असलेले सर्वांत जुने मॉडेल असलेच पाहिजे. नव्या मॉडेलवर यशस्वी झालेली चाचणी येथे फारसे काही सांगत नाही.

सहावी पायरी: काम नव्या मशीनकडे वळवणे

एजंटला (बिल्ड मशीनवर कामे घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) नवे लेबल देऊन आधी रात्रीचे बिल्ड, मग विकासशाखा आणि सर्वांत शेवटी प्रकाशनाचे बिल्ड नव्या मशीनकडे वळवावेत. जेनकिन्स हे बिल्ड आपोआप चालवणारे साधन वापरत असाल तर एजंटवरील जावाची आवृत्ती नियंत्रकाच्या अपेक्षेशी जुळते का ते पाहावे. २०२४च्या उत्तरार्धातील दीर्घ-देखभाल आवृत्तीने ही किमान मर्यादा जावा १७वर नेली. सीकॅश (आधी कंपाइल केलेले निकाल साठवून पुन्हा वापरणारे साधन) कंपायलरची ओळख मूलतः त्याच्या फाइलीच्या वेळेवरून आणि आकारावरून पटवते, त्यामुळे इमेज पुन्हा बांधली की सगळा साठा निकामी होऊ शकतो. ओळख फाइलीतील मजकुरावरून पटवण्याची सेटिंग करावी. पहिले काही दिवस बिल्ड मंद वाटतील, ते याच कारणाने.

जुने मशीन लगेच पुसू नये. ज्या शाखांना अजून दुरुस्त्या द्यायच्या आहेत, त्या प्रत्येक शाखेचे शेवटचे प्रकाशन गोठवलेल्या इमेजमधून नव्या होस्टवर पुन्हा बांधून त्याचे हॅश प्रकाशित फाइलींशी जुळवावेत. यादीतली शेवटची शाखा जुळली, सही करण्याच्या किल्ल्या नव्या जागी गेल्या आणि इमेजची प्रत रजिस्ट्रीबाहेर आणखी एका ठिकाणी ठेवली, की जुन्या मशीनचे नेटवर्क बंद करावे. महिनाभरात कोणाचाही बिल्ड अडला नाही, तर त्याची डिस्क पुसायला हरकत नाही.